तान झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही

लिंबाला मोहोर आला की माझा घसा कोरडा पडतो. डॉक्टर म्हणतात, वयामुळं होतं. असेल त्यांचं शिक्षण खरं, पण माझा घसा मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. हा कोरडेपणा वयाचा नाही, एका उन्हाळ्याचा आहे. यंदाही तेच झालं. चैत्र लागला, गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला, बायका घागरी घेऊन पळाल्या, आणि शेजारच्या खोलीत आमची नात तानेला बसली.

समीक्षाची गाण्याची परीक्षा आहे. फोनमधला तंबोरा लावते, डोळे मिटते आणि तान अशी सोडते, की मागं कुत्रंच लागलंय. वर जाताना ठीक, पण उतरताना सगळे सूर एकमेकांच्या अंगावर पडतात. ऐकून ऐकून माझ्याच मानेला रग लागली. शेवटी राहवलं नाही.

“समे, कुणी मागं लागलंय का गं तुझ्या?”

“आजी, द्रुत आहे ती! द्रुतलयीत अशीच घेतात.”

“द्रुत घेतात. पळवून नेत नाहीत.”

दार धाडकन लावलं तिनं. राग माझाच गेलाय तिच्यात, बोल तरी कुणाला लावू? दाराआडून पुन्हा तीच तान आली, पुन्हा तिथंच अडली. आणि मी धाराशिवातल्या या दोन खोल्यांतून उठून थेट ईट गावाच्या अलीकडच्या आमच्या वस्तीत जाऊन बसले. बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात.

आमच्या वस्तीत जयंतीचा एक नेम होता. निळ्या झेंड्याच्या कट्ट्यापुढं माझ्या वडिलांची, दादांची, कव्वालीची पार्टी बसायची. पेटीवर परांड्याचे रहीमचाचा, ढोलकीवर आमचे चुलते, मागं आम्ही पोरी साथीला. रात्रभर गाणी चालायची आणि उजाडताना दादांचं शेवटचं गाणं. त्याच्या शेवटी एक तान होती. वर चढायची, तिथं जरा घुटमळायची आणि मग गरागरा खाली येऊन समेवर बसायची. ढोलकीवर थाप पडायची आणि मगच माणसं अंग झटकत उठायची. लेकरू रडो, वारं सुटो, तान झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एका साली किसनआबांची म्हैस ऐन गाण्यात दावं तोडून चालती झाली. आबा आमच्या वस्तीचे पंच. बसल्या जागेवरून म्हशीला एकेक शिवी हासडत होते, पण उठले नाहीत. तान झाली, थाप पडली, मग जे पळाले म्हणता!

त्या तानेपायी दादांना मान होता. ना शेत, ना सोनंनाणं. पण बाजारात कुणी भेटलं की म्हणायचं, “ह्ये तानंवालं दादा.” दादा मान खाली घालून हसायचे. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांना अशी एखादी तान असतेच.

आणि त्या साली पाऊस आलाच नाही. सरकारी काम निघालं. आधी रस्त्याची खडी, मग पाझर तलाव. हजेरी लावायची, हातोडा घ्यायचा, उन्हात दगड फोडायचा. घरी रेशनवरच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी. ती मिलो आठवली की अजून तोंड वाकडं होतं. कितीही मळा, तव्यावर टाकली की चिरलीच. दादा हिवाळाभर खडीवर होते. नाकाला फडकं बांधायचे, पण गाणारा माणूस, फडक्याआडून गुणगुणायचा आणि तोंडानं धूळ ओढायचा. माघात खोकला धरला आणि आवाज बसला. बसला तो बसलाच. ज्येष्ठमध झालं, अडुळशाचा काढा झाला, भूमच्या दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. बोलायला तोंड उघडलं की नुसतं वारं यायचं.

दादा मग बोलायचेच बंद झाले. कामावरून आले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. माय ताट वाढायची, ते अर्धं तसंच राहायचं. दुष्काळात ताटात उरलेली भाकरी बघून मायला भीती वाटायची. भुकेची भीती आम्हाला सवयीची होती, पण भूकच नसल्याची नव्हती.

जयंती जवळ आली तशी कट्ट्यावर बैठक बसली. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून रात्रीचा कार्यक्रम रद्द. सकाळी ऊन तापायच्या आत उरकायचं ठरलं. तेरखेड्याचे फटाके नाहीत, गोडधोड नाही. मग शेवटच्या गाण्याचा विषय निघाला. दादा तिथंच बसले होते. किसनआबा घसा खाकरून म्हणाले, “भायेरची पार्टी सांगावी का?”

तेव्हा रहीमचाचा म्हणाले, “घर में गला है, बाहर कायकू धुंडते? छोरी गाती ना.”

लग्नंच नव्हती म्हणून चाचांची बँडपार्टी बंद पडली होती, आणि तेही वस्तीवर मुक्काम ठोकून पाझर तलावावर पाट्या उचलत होते. आबांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ही? तान म्हंजी जात्यावरची ववी न्हाय पोरी.”

झालं. माझ्या डोक्यात सणक गेली. “म्या म्हनते तान,” मी म्हणाले. रागाच्या भरात माणूस काय काय कबूल करतो! दादांनी मान वर केली. त्यांच्या नजरेत हो नव्हतं, नाही नव्हतं. भीती होती. मला ती लई लागली.

घरी जाताना माय पुढं चालली होती. मागं न बघताच म्हणाली, “तुजं हसं झालं तर तुजं न्हाय व्हनार. त्येंचं व्हईल. आदीच जेवंना झालाय मानूस. ध्यानात ठिव.”

ठेवलं ध्यानात. दुसरं काही ध्यानात राहीचना.

पहाट फुटली की आम्ही नदीवर जायचो. नदी म्हणजे नुसती वाळू. तिच्यात झिरा खणलेला. खाली ओणवं होऊन वाटीनं पाणी टिपायचं, घागरीत ओतायचं, पुन्हा झिरपायची वाट बघायची. माय झिऱ्यात, मी काठावर. चाचाही यायचे. वजूला पाणी नव्हतं, म्हणून ते वाळूवर दोन्ही हात टेकवून तोंडावरून फिरवायचे, नमाज पढायचे आणि मग माझ्याकडं वळायचे. पेटी नव्हती, तोंडानंच सा द्यायचे. मी पलटे म्हणायचे. चार सूर चढायचे, चार उतरायचे, मग एक सूर पुढं सरकून पुन्हा चार.

“धीमा,” चाचा म्हणायचे. “दाना दाना अलग दिखना. भाग को कां जाती?”

पण जयंती अंगावर येत होती, मला कसलं धीमा सुचतंय! मी पळायचे. पळाले की घसा सुकायचा. सुकला की पाणी मागायचे आणि माय झिऱ्यातूनच ओरडायची.

“घागर तर भरू दे बया! गाऊन गाऊन तहान लावून घेतीस, आन पानी कुटनं आनू म्या?”

खरंच होतं तिचं. माझ्या रियाजाला पाणी लागत होतं आणि पाणी तर वाटीवाटीनं येत होतं. मायला गाणं नको होतं असं नाही. पण मी तोंड उघडलं की तिला घागर उणी झालेली दिसायची. मी मग मुद्दाम मागायचंच बंद केलं. थुंकी गिळून तान घ्यायचे आणि आणखी बिघडवायचे.

दिवसा खडीवरही माझं चालूच. आजूबाजूला हातोड्यांचा असा कडकडाट, की शेजारचीचं बोलणं ऐकू येऊ नये. त्यात मी ओरडून तान घ्यायची. हातोडा पडला की सूर, हातोडा पडला की सूर. बसली की हो तान! चढली, उतरली, कुठं अडली नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, “बापावानी म्हनती की गं!” मी हवेत. चाचांना सांगितलं तर ते नुसतं “हौ, देखेंगे,” म्हणाले.

मग हजेरीला सुट्टी होती त्या दिवशी आबांनी सगळ्या वस्तीला कट्ट्यापुढं बसवलं. म्हणाले, एकदा ऐकू तर द्या. चाचांनी पेटी काढली, चुलत्यांनी ढोलकी चढवली. शेवटचं गाणं सुरू झालं. तान जवळ आली, मी श्वास घेतला आणि सोडली.

हातोडे नव्हते. एवढीशी गोष्ट, पण ती मला तोवर सुचलीच नव्हती. त्या शांततेत माझा एकेक सूर दगडासारखा धाडधाड पडायला लागला. मान ताठ, जबडा आवळलेला. वर पोचले ती कशीबशी, आणि उतरताना आवाज चिरला. मिलोची भाकर चिरते तसा. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पुन्हा घेतली, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा वर जातेय तोवर दादा उठले.

तान व्हायच्या आधी. आमचे दादा. ज्यांनी कधी कुणाला उठू दिलं नाही, ते माझ्या अर्ध्या तानेतून उठले आणि भिंत धरत घराकडं गेले. मी गात होते का थांबले, मला आठवत नाही. त्यांची पाठ तेवढी अजून दिसते.

“भायेरच्या पार्टीला निरोप धाडू,” आबा म्हणाले.

“किसकू बुलाते आबा?” चाचा चिडलेच. “आएंगे तो पानी पिलाना पडता. है क्या पानी?”

आबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “मग ऱ्हाऊ द्या. तानंबिगर उठू. औंदा समदं बिगरच चाललंय.”

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. आबा रागानं बोललेच नाहीत. थकून बोलले, त्यामुळं मला रडूही येईना.

समीक्षा मघाशी खोलीबाहेर आली. डोळे लाल. “आजी, मला येणारच नाही ती. घसाच आवळतो माझा.” मी तिला जवळ घेतलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही घेतलं. म्हटलं, खाली टँकर आलाय, जा, बायकांच्या रांगेत उभी राहा आणि बादल्या सारू लाग.

“माझी परीक्षा आहे आजी!”

“म्हणूनच म्हणते.”

माझं डोकं फिरलंय असं तोंड करून ती गेली. खिडकीतून बघितलं तर बादली अशी आवळून धरलेली, की कुणी हिसकावूनच नेणार. मीही तशीच होते.

त्या हशानंतर मी खडीवर गेलेच नाही. मुकादमाला सांगून पाझर तलावावर नाव लावलं. तिथं भराव घालायचं काम होतं. चढ असा उभा, की डोक्यावर पाटी घेऊन पाय ठरायचा नाही. म्हणून बायका खालपासून वरपर्यंत ओळ धरून उभ्या राहायच्या आणि मुरमाची पाटी हातोहात वर सारायच्या. माझ्या वरच्या अंगाला कासूमावशी होत्या. हाडाच्या, काळ्यासावळ्या, तोंडात कायम मिश्री. मी संतापलेलीच होते. पाटी आली की आवळून धरायची आणि दातओठ खाऊन पुढं फेकायची. जरा वेळानं पाटी मावशीच्या हातातनं निसटली आणि मुरूम सगळा पायावर.

“फेकू नगंस, दे!” मावशी खेकसल्या. “कुनावं राग काढतीस? पाटी आली की घ्यायाची, दिली की इसरायची. फुडची आलीच की. तू गेलेलीलाच धरून बसलीस तर तिला कोन घील?”

मला राग आला. पण दिवसभर दुसरं करायलाही काही नव्हतं. आली, घेतली, दिली. आली, घेतली, दिली. हळूहळू खांदे उतरले. दिवस कलताना मुकादम ओरडायला लागला, तशी ओळ जोरात चालली. मी घाबरले, म्हटलं आता पुन्हा सांडणार. पण सांडली नाही. वरच्या बायका तर एवढ्या घाईत गप्पा मारत होत्या, हसत होत्या. आवळून धरणाऱ्या तेवढ्या दमल्या होत्या. पाट्या भराभर जात होत्या आणि कुणाच्याच हाताला घाई नव्हती. माझ्या तोंडातून पलटा कधी सुरू झाला, मला कळलंच नाही. तोंडातल्या तोंडात, बारीक. एक पाटी, एक सूर. आला, घेतला, दिला. गेलेल्याला धरायचं नाही. पुढचा आहेच.

वर मुरूम पसरणाऱ्या चाचांनी मान वळवून बघितलं. आणि पुन्हा मुरूम ओढायला लागले. कौतुकाला लई चिकट माणूस.

दुसऱ्या दिवशी पहाटे झिऱ्यावर मी तान घेतली. जोर लावला नाही. खरं सांगायचं तर लावायला उरलाच नव्हता, हात दुखत होते, मान दुखत होती. सूर एकामागं एक आले आणि गेले. वर थांबले जरा, आणि खाली आले. एवढंच. मला वाटलं, काहीतरी गाळलं मी. म्हणून पुन्हा घेतली. पुन्हा तशीच आली. खाली बघते तर मायचा हात थांबलेला. वाटी भरून वाहत होती आणि ती तशीच ओणवी राहून वर बघत होती. पाणी सांडतंय हे मायच्या ध्यानात आलं नाही, असं त्या सालात एकदाच झालं.

“आज गला पकड को नै रखी तू,” चाचा म्हणाले.

“चाचा, लोकांम्होरं आली न्हाय तर?”

“लोगां कू देखनाच नक्को. आगे की बाई कू देख.”

आबांकडं चाचाच गेले. काय बोलले कुणास ठाऊक, पण आबा म्हणाले, म्हणू द्या, न्हाय आली तर न्हाय. दादांना मात्र कुणी विचारलं नाही. घरात त्यांच्यासमोर तान घ्यायची माझी छाती झाली नाही. माय ताट वाढत होती, दादा अर्धं ठेवत होते.

जयंतीच्या सकाळी लिंबाच्या पालवीचं तोरण होतं. दुसरं काही हिरवं नव्हतंच, पण लिंबाला त्याही साली पालवी आली होती. नवं लुगडं कुणाच्या अंगावर नाही, पण धुतलेलं होतं. एवढं पाणी बायकांनी कुठनं वाचवलं, त्यांचं त्यांना माहीत. मायनं पाण्याचा एक तांब्या भरून पदराखाली झाकून आणला होता. मी हात पुढं केला तर म्हणाली, “आता न्हाय. गाऊन झाल्यावं.” दादा सगळ्यांच्या मागं, लिंबाच्या बुंध्याला टेकून, घोंगडीच्या घडीवर बसले. आले हेच खूप होतं. मागच्या वेळी ते पुढं बसले होते, तरी उठून गेले होते. आता तर वाट मोकळीच होती.

गाणी झाली. ऊन चढायला लागलं. शेवटचं गाणं आलं. चाचांनी पेटीवर सा धरला. जीभ टाळ्याला चिकटली. तान जवळ आली तसं गळ्यात आपोआप काहीतरी आवळायला लागलं. तेच, नेहमीचं. मी दादांकडं बघणार होते. पण पुढंच कासूमावशी बसल्या होत्या. मांडीवर दोन्ही हात उताणे टाकलेले, रिकामे. पाटीची वाट बघत बसल्यासारखे.

दिली मी त्यांना. पहिला सूर दिला, मग दुसरा, मग मोजायचं कामच उरलं नाही. सगळे गेले वर. वर जरा घुटमळले, दादा घुटमळायचे तसेच, आणि मग खाली सोडून दिले. कुठं ढकललं नाही, कुठं धरलं नाही. एकेक दाणा वेगळा ऐकू येत होता मला. समेवर आले. ढोलकीवर थाप पडली.

आणि कुणी उठलं नाही.

एक माणूस हलला नाही. दादांची तान गरजत यायची आणि धाडकन बसायची. माझी हलक्या पावलानं आली होती. लोकांना वाटलं असेल, अजून यायचीय. किंवा वाटलं असेल, ही कसली तान. आबा मान वळवून मागं, दादांकडं बघायला लागले. मग सगळेच बघायला लागले. माय हातात तांब्या धरून तशीच बसलेली, तिलाही कळेना, द्यायचा का नाही. मी चाचांकडं बघितलं, तर त्यांनी पेटीवरचा हात काढला नव्हता. सा तसाच चालू होता. तेवढ्या वेळात मी काय काय ऐकलं! लिंबावरचा कावळा, कुणाच्या तरी लेकराचा श्वास, माझ्या कानातलं रक्त.

मागं काहीतरी हललं. दादांनी बुंध्यावर हात टेकला. उठले. धोतराची धूळ झटकली. घोंगडी उचलून तिची नीट घडी केली, खांद्यावर टाकली. आणि त्या वाऱ्यासारख्या आवाजात, जेवढा होता तेवढा सगळा लावून म्हणाले, “बसलाव कशाला? झाली की तान. उठा!”

माय पळतच आली. तांब्या माझ्या हातात कोंबत म्हणाली, “पी. समदं पी.” मी पाणी पीत होते, आणि तांब्याच्या कडेवरून मला दिसत होतं, अख्खी वस्ती अंग झटकत उठत होती.